निळ्या नळाचं गरम पाणी

अहो, काल मी तुमची शपथ मोडायला घराबाहेर पडले. गराफ्यातल्या घरून टॅक्सी केली आणि अल हिलालला आपल्या केतकीच्या फ्लॅटवर निघाले. सगळा रस्ता एकच वाक्य मनात घोकत होते. केतकी, त्या दिवशी गिझर बाबांनी लावला नव्हता. एवढं बोलायचं आणि मोकळं व्हायचं. टॅक्सीवाला मलबारी, तोंडाचा पट्टा सुरू. हा रस्ता वर्ल्ड कपसाठी बंद केलाय, तो वळवलाय, मेट्रो काय झकास झालीय, मॅडम फुटबॉल देखेगा क्या? मी म्हटलं, "भैया, आप सामने देखो." बिचारा गप्प झाला, मग मलाच वाईट वाटलं.

तुम्ही जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. भेटायला येणारी माणसं म्हणतात, काय भाग्याचं मरण! शुक्रवारची सकाळ, चहा झालेला, खुर्चीत बसल्या बसल्या गेले, कुणाला काही करायला लावलं नाही. मी मान हलवते. कुणाला काही करायला लावलं नाही म्हणे! एक धडधडीत खोटं बोलून गेलात आणि ते निस्तरायला मला मागे ठेवलंत. वर शपथ घालून ठेवलीत, म्हणजे तोंडही उघडायची सोय नाही.

आता मी सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सांगणार. आयुष्यभर मी बोलायला लागले की ‘मुद्द्यावर ये’ म्हणायचात. आज तुम्हाला घाई नाही. ऐका.

ह्या वाळवंटी देशात उन्हाळ्यात निळ्या नळाला गरम पाणी येतं. टाकी गच्चीवर, पाइप गच्चीवरून उघडेच, आणि वर ते ऊन. दुपारी बेसिनला हात धुवायला जावं तर चटका बसतो. म्हणून मे महिना लागला की इथे सगळेच गिझर बंद करतात. घरात एसी असतो, गिझरमधलं पाणी आतल्या आत निवतं आणि लाल नळाला गार पाणी येतं. लाल ते गार, निळं ते गरम. थंडी पडली की पुन्हा सुलटं. पुण्या-नाशकाहून नवीन आलेला पाहुणा पहिल्याच दिवशी न्हाणीघरातून ओरडत बाहेर येतो, आणि आपण सगळे हसतो. तुम्ही त्यावर आणखी कडी केली होतीत. मे महिन्यात गिझर बंद करून बटणावर काळी चिकटपट्टी लावायचात, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. त्या पट्टीला हात लावायची ह्या घरात कुणाची टाप नव्हती.

लावणारच तुम्ही. जन्म पाइप गुंडाळण्यात गेला तुमचा. लग्नाआधी लेहला होतात, तिथे थंडीत पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यांना गोणपाट गुंडाळायचात आणि नळ बारीक सोडून ठेवायचात, वाहतं पाणी गोठायला वेळ लागतो म्हणून. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मला लेहमध्ये नोकरी मिळेल. मग इथे आलात आणि उलटं काम करायला लागलात, गार पाणी गरम होऊ नये म्हणून पाइप गुंडाळायचं. शेवटची तीन-चार वर्षं तर स्टेडियमच्या गार पाण्याच्या पाइपांत गेली. खुर्च्यांखालून गार हवा सोडणार म्हणून कोण अभिमान! आणि मग हा वर्ल्ड कपच थंडीत घ्यायचा ठरलेला. "नोव्हेंबरात कसला गारवा? खुर्चीखाली शेगडी लावा म्हणावं," असं मी म्हटलं की तुम्ही रुसायचात. एक मॅच तरी त्या खुर्चीत बसून बघायची, मग नाशिकला कायमचं जायचं, एवढंच आपलं ठरलं होतं. त्यावरही भांडत होतोच, मला आधी जायचं होतं.

असो. केतकी बाळंतपणाला आपल्याकडे आली ती ऐन जुलैत. जावई अमेय हॉटेलच्या कामात आकंठ बुडालेला, वर्ल्ड कपची तयारी, त्याला रविवार-सोमवार कळत नव्हतं. नात झाली आणि तुमच्या अंगात आलं. बाळाच्या अंघोळीचं पाणी मी बघणार. मी म्हटलं, डोक्यावर पडलात का? केतकीला मीच न्हाऊ घातलं ना, तेव्हा तुम्ही साइटवर होतात. तर म्हणालात, "तेव्हा आपण नाशकात होतो. इथे पाण्याचा भरवसा नाही." रोज मी बादली भरायची, अर्धी निळ्या नळाने, मग लाल नळ सोडून ते पाणी निववायचं, आणि तुम्ही येऊन मनगट बुडवून ‘हं’ म्हणायचं. तुमचा ‘हं’ आल्याशिवाय तांब्या उचलायचा नाही. मी चिडायचे, केतकी हसायची. "आई, लेट हिम बी. बाबांना काहीतरी मीटर वाचल्यासारखं वाटतं," म्हणायची. तेव्हा हसत होती ती.

शैलाताई आल्या त्या ऑगस्टमध्ये. अमेयची आई, आपल्या विहीणबाई. पुण्याहून व्हिजिट व्हिसावर, आयुष्यातला पहिला परदेश. बाई स्वच्छ, टापटिपीच्या, थोड्या तोंडाळ. मला आवडल्याही होत्या आणि नव्हत्याही, विहिणींचं असतं तसंच. बारशाच्या आदल्या दिवशी त्या आपल्याकडे राहायला आल्या, म्हणजे सकाळपासून हाताशी. केतकी त्यांना मम्मी म्हणायची, त्या तुम्हाला भाऊ म्हणायच्या, त्यावर तुम्ही खूश.

बारशाची सकाळ मी किती वेळा मनात फिरवली असेल! मी नेहमीसारखी बादली भरली. निळा नळ, मग लाल नळ सोडला आणि बाळाला तेल लावायला बाहेर गेले. तुम्ही हॉलमध्ये स्टुलावर चढून पाळण्याची दोरी बांधत होतात. शैलाताईंनी ओवा-लसणाची धुरी आधीच करून ठेवली होती, न्हाणीघरात नुसता धूर. मी पाटावर बसले, पाय लांब केले, बाळाला पायांवर पालथं घेतलं. तेलाने निसटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं. पाहुणे यायची वेळ झालेली. शैलाताईंनी नळ बंद केला आणि तांब्या भरला. "आज पहिला तांब्या आजीचा," म्हणाल्या. त्यांचा मानच होता तो.

तेवढ्यात तुम्ही दारात. "पाणी बघू."

"अहो भाऊ, आज तरी बायकांच्या राज्यात येऊ नका!" शैलाताई हसल्या आणि तांब्या कलता केला.

तुम्ही काय पाहिलंत देव जाणे. धुरात वाफ दिसली असेल, की गिझरचा लाल दिवा? मला फक्त तुमचा हात दिसला. बाळाच्या पाठीवर आडवा. पाणी तुमच्या हातावर पडलं, उडालेलं माझ्या पायांवर आलं आणि मी किंचाळले. तांब्या खणकन फरशीवर. बाळ कळवळून रडलं, टाचेवर एक थेंब गेला होता, तिथे लालबुंद ठिपका. तुम्ही दुसऱ्या हाताने बाळाला उचललंत आणि पंख्याखाली नेलंत. तुमचा तो हात मध्ये आला नसता तर काय झालं असतं, हा विचार मी अजून एकदाही पुरा केलेला नाही. अर्ध्यावर आला की उठून काहीतरी काम काढते.

केतकी धावत आली. तुमच्याकडून बाळ घेतलं, टाच बघितली, न्हाणीघरात येऊन बादलीत बोट घातलं, झटकन काढलं. "हू पुट द गिझर ऑन? ह्या घरात कुणाला कळत नाही का, उन्हाळा आहे! दोन्ही नळ उकळतायत! कोणी लावला गिझर?"

मी बटणाकडे बघितलं. काळी पट्टी नव्हती. ती आरशाशेजारच्या टाइलवर नीट, सरळ चिकटवून ठेवलेली होती, परत लागली तर असावी म्हणून. आपल्या घरातल्या माणसाने ती काढली नसती, आणि काढली असती तरी इतकी नीट ठेवली नसती. मी शैलाताईंकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. तुम्ही पुन्हा दारात आला होतात आणि तुम्हीही त्यांच्याकडेच बघत होतात. मी तोंड उघडलं.

"मी लावला," तुम्ही म्हणालात. "सकाळी. लक्षातच राहिलं नाही."

"तुम्ही? बाबा, तुम्ही?" केतकीचा विश्वासच बसेना. मग बसला. तो बसताना मी तिच्या चेहऱ्यावर बघितला. "बाबा, यू कुड हॅव किल्ड हर."

तुम्ही मान खाली घातलीत. भाजलेला हात पाठीमागे होता, तो कुणी बघितलाच नाही.

बारसं झालं. पाळणा म्हटला, पेढे वाटले. तुम्ही ऑगस्टच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पाहुण्यांना या-बसा करत होतात आणि बाहीच्या आत मलम. जेवणं आटोपली तशी मी तुम्हाला स्वयंपाकघरात गाठलं. अंगाचा तिळपापड झाला होता माझ्या.

"खोटं का बोललात?"

"हळू बोल."

"हळू कशाला? पट्टी मी बघितली. तुम्हीही बघितलीत. त्या बाईंनी—"

"त्यांना काय माहीत आपल्या नळांचं? चांगल्या मनाने लावला त्यांनी. तान्हं बाळ, अंघोळ, गिझर बंद. कुणीही लावेल."

"मग तसं सांगा ना केतकीला!"

"आज? सगळ्यांसमोर? तिचा राग बघितलास ना? एकदा तोंडातून निघालं की ते त्या दोघींच्यात जन्मभर राहणार." आणि मग ते वाक्य बोललात. "तिला त्यांच्याबरोबर आयुष्य काढायचंय. माझ्यावर रागावेल, विसरेल. बापावर किती दिवस रागावणार?" मी काही म्हणायच्या आत पुढे म्हणालात, "तू बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

झालं. तुमची शपथ म्हणजे मी बोलले तर तुमच्या जिवाला काही होणार. शिकले-सवरलेले आहोत, असल्या गोष्टी मानत नाही वगैरे ठीक आहे. पण नवऱ्याच्या जिवावर कोण जुगार खेळेल? तुम्हाला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच घातलीत. मी मूग गिळून बसले.

केतकी सव्वा महिना पुरा व्हायच्या आतच बाळाला घेऊन अल हिलालला गेली. शैलाताई तिच्या मदतीला गेल्या. विसरेल म्हणालात, ती विसरली नाही. उलट तिने सगळं जोडत नेलं. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते तुम्ही विसरला होतात. कोण विसरत नाही हो त्या पार्किंगमध्ये? ते आठवलं. तिच्या वाढदिवसाला फोन संध्याकाळी केला होतात, ते आठवलं. आणि मग एके दिवशी आपण त्यांच्याकडे गेलो असताना ती तुमच्या समोर बसली. फोनवर काहीतरी वाचून ठेवलं होतं तिने. लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "बाबा, एक गंमत करू या? शंभरातून सात वजा करा. मग त्यातून परत सात. करत जा."

मला वाटलं, आता तुम्ही भडकणार. तुम्ही नाही भडकलात. सरळ बसलात, शाळेतल्या मुलासारखे हात मांडीवर ठेवलेत. समोर शैलाताई बाळंतिणीसाठी लसूण सोलत होत्या, मान वर न करता. "त्र्याण्णव," तुम्ही म्हणालात. "शहाऐंशी. एकोणऐंशी." मग थांबलात. खिडकीबाहेर बघितलंत. "पुढचं येत नाही गं," म्हणालात.

पुढचं येत नाही! दुकानदाराचं यंत्र आकडा दाखवायच्या आत तोंडी बेरीज सांगणारे तुम्ही! तिने आपल्या मनाशी जे ठरवलं होतं ते पक्कं करून द्यायला थांबलात, माहीत आहे मला. केतकीचे डोळे भरले. तिने तुमचा हात थोपटला. मी उठून बाल्कनीत गेले, नाहीतर तिथल्या तिथे सगळं बाहेर पडलं असतं.

त्यानंतर तिने बाळाला तुमच्या मांडीवर दिलं नाही. तोंडावर कधी म्हणाली नाही. "बाबा, आत्ताच झोपलीय." "बाबा, आत्ताच दूध प्यायलीय." तुम्ही लांबून बघायचात, बोट पुढे करायचात, बाळ ते पकडायचं, तेवढंच. परत येताना गाडीत तुम्ही एफएमवरच्या मलयाळम बातम्या ऐकत बसायचात. एक अक्षर कळत नव्हतं तुम्हाला.

सप्टेंबरात तुम्ही गच्चीवर चढायला लागलात. ऑफिसातून यायचं, चहा प्यायचा आणि काळ्या फोमच्या नळ्या न् चंदेरी टेप घेऊन वर. टाकीपासून न्हाणीघरापर्यंतचा सगळा पाइप गुंडाळायचा ठरवलात. बीपीचा माणूस, संध्याकाळीसुद्धा ती गच्ची तव्यासारखी तापलेली. मी ओरडायचे, "अहो, भाड्याचं घर आहे! दोन महिन्यांत सोडून जायचंय! कुणासाठी करताय हे?" तर म्हणायचात, "पाइपला ऊन काय न् बर्फ काय, आतलं पाणी जसं आहे तसं पोचलं पाहिजे. केतकी बाळाला घेऊन येईल ना राहायला. निळ्या नळाला गारच पाणी आलं पाहिजे." ती आली नाही. डॉक्टर म्हणाले, हार्टचा आणि त्या कामाचा काही संबंध नाही. त्यांचं ऐकावंच लागतं. पण तुम्ही गच्चीवरून खाली यायचात तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा ओला असायचा, आणि मी रोज तो बडबडत धुवायचे, ते मला आठवतं.

आणि मग तो शुक्रवार. तुमच्याशी त्याबद्दल बोलत नाही, तुम्ही तिथे होतात आणि मीही.

तुम्हाला नाशिकला घेऊन गेलो ते मी आणि अमेय. बाळाचा पासपोर्ट आला नव्हता, केतकी इथेच राहिली. एअरपोर्टच्या कार्गोच्या दारापर्यंत आली होती. तेराव्यानंतर मी परत आले, घर आवरायचं आहे, माझा व्हिसाही तुमच्याच नावावर, तो आता फार चालायचा नाही. आल्यावर ऐकते तर काय, आपली लेक भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतेय, "बाबांना शेवटी-शेवटी कळत नव्हतं. मेमरी जायला लागली होती." रडत-रडत सांगतेय, प्रेमानेच. लोक ‘अरेरे’ म्हणतायत. परवा नाशिकहून तुमच्या भावाचा फोन, "वहिनी, दादाला एवढा त्रास होता, कधी बोलला नाहीत?" तेव्हा माझं डोकं फिरलं. आयुष्यभर ज्या माणसाने एक वाल्व्ह उघडा ठेवला नाही, तो विसरभोळा म्हणून पंचक्रोशीत जाहीर झाला.

आणि मग मला ते सुचलं. स्वयंपाकघरात उभी होते. तुमची शपथ! ती मोडली तर तुमच्या जिवाला काही होणार होतं ना? आता काय होणार? त्या शपथेला आता कसला धाक? मी मोकळी झाले होते. असलं मोकळं होणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, टॅक्सी बोलावली.

दार शैलाताईंनी उघडलं. त्यांची बॅग हॉलमध्ये उघडी पडलेली. नोव्हेंबरपासून व्हिजिट व्हिसा बंद म्हणून त्या उद्याच्या विमानाने पुण्याला निघायच्या आहेत. केतकी सोफ्यावर, मांडीवर बाळ, कानाला फोन. "हो ना काकू, शेवटी ही वॉज फर्गेटिंग थिंग्ज. बेबीच्या बाथच्या वेळी तर गिझरच..."

"फोन ठेव," मी म्हणाले.

"आई, काय झालं?"

"आधी फोन ठेव." चपलासुद्धा काढल्या नव्हत्या मी. "बाबा काही विसरले नव्हते. त्या दिवशी गिझर त्यांनी लावला नव्हता."

केतकीने फोन बाजूला ठेवला. "मग कोणी लावला? तू?"

इथे मी अडकले. अहो, वाटेत पहिलंच वाक्य घोकलं होतं, दुसरं वाक्य लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! शैलाताई समोर उभ्या, हातात अर्धी घडी केलेली शाल. तुमचं ते वाक्य माझ्या कानात वाजायला लागलं, आयुष्य काढायचंय. "ते मला विचारू नकोस," मी म्हणाले.

"नाही, विचारणार. आई, धिस इज नॉट अ स्मॉल थिंग. कोणी लावला?"

मी खाली वाकून चपला काढायला लागले.

"मी," शैलाताई म्हणाल्या.

शाल खाली ठेवून त्या खुर्चीत बसल्या. "पहाटे गेले तर बटणावर पट्टी. मला वाटलं, काहीतरी बिघाड झाला होता, तेव्हाची राहिलीय. काढली न् लावला. तान्हं मूल घरात, म्हटलं गिझर बंद कसा? तुमचे नळ उलटे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही." मग केतकीकडे वळल्या. "केतकी, मी त्याच दिवशी सांगणार होते तुला. जेवणं झाल्यावर भाऊंना गॅलरीत गाठलं, म्हटलं, मी जाऊन सांगते. तर म्हणाले, आता सांगितलंत तर मी खोटा पडेन. म्हणाले, मला भाऊ म्हणता ना? मग भावाची शपथ आहे."

अहो! दोघींना? एकाच दुपारी? मला स्वयंपाकघरात आणि त्यांना गॅलरीत? मला इतका राग आला, इतका राग आला, की हसूच फुटायला आलं. मी अडीच महिने त्या बाईंना निगरगट्ट समजत होते. लसूण सोलत गप्प बसली होती, काय दगडाच्या काळजाची बाई आहे! आणि त्यांना वाटत होतं, मला काही माहीतच नाही, म्हणून माझ्याकडे मान वर करून बघवत नव्हतं त्यांना. समोरासमोर बसून चहा घेत होतो आम्ही. साखर हवी का, अजून एक बिस्कीट घ्या. एका माणसाने दोघींची तोंडं शिवून ठेवलेली.

केतकी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. रागावली की तिचं इंग्रजी सुरू होतं, तुम्हाला माहीत आहे. काल नाही झालं. अगदी हळू, मराठीत विचारलं तिने. "म्हणजे आई, तुला माहीत होतं. मम्मींना माहीत होतं. मग मी बाबांना शंभरातून सात वजा करायला लावले, तेव्हा तुम्ही दोघी कुणीच का नाही बोललात?"

काय सांगणार होतो आम्ही? शपथ होती म्हणून? मलाच ते ऐकवेना.

तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि न्हाणीघरात गेली. कडी लावली. मग नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. तिला वाटलं असेल, आम्हाला रडणं ऐकू येणार नाही. येत होतं. शैलाताई माझ्याजवळ येऊन बसल्या. "मी तिकीट पुढे ढकलू का? होईल का तसं?" विचारलं त्यांनी. व्हिसाचं माहीत असूनही विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी बाळाच्या पायांवरचं दुपटं नीट केलं. केतकी बराच वेळ बाहेर आली नाही, आणि आली तेव्हा आम्हा दोघींशीही बोलली नाही. पण बाळाला भूक लागली तेव्हा शैलाताईंनी दुधाची वाटी पुढे केली आणि तिने ती घेतली. एवढं मी बघितलं, मग घरी आले.

तर तुमचं म्हणणं खरं झालं, असं म्हणा हवं तर. त्या दोघींचं तुटणार नाही. तुम्ही त्यासाठी हात भाजून घेतलात, नाव घालवलंत, बहात्तर विसरलात. तुमच्याएवढं माझ्या लेकीसाठी कुणी केलं नसतं, मीसुद्धा नाही. हे मी तुम्ही असताना म्हणायला हवं होतं का? नाही. तुम्ही असताना मी भांडणारच होते, आणि आपलं भांडण अर्धंच राहिलंय. ते मी आता पुरं करते.

त्या सकाळी तुम्ही नुसते गप्प बसला असतात तर काय झालं असतं? शैलाताईंनी स्वतःच सांगितलं असतं. त्या तसल्या आहेत, काल कळलं मला. केतकी चार दिवस फुगली असती, त्यांनी डोळ्याला पदर लावला असता, मी मध्ये पडून दोघींना जेवायला वाढलं असतं. आठ दिवसांत त्या गिझरवरून हसलो असतो. आणि मग उरलेला ऑगस्ट, सगळा सप्टेंबर, ऑक्टोबरचे ते पहिले दिवस, नात तुमच्या मांडीवर असती. तिघी होतो आम्ही. तिघींतल्या एकीवरही तुम्हाला भरवसा टाकता आला नाही.

आता बोला.